चावी मारली की कधी चालू, कधी बंद



पूर्वहंगामी लागण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या महिन्यात उरकायची असते. बेणे तोडल्यापासून २४ तासांच्या आत सरीत गेले पाहिजे, हे आम्ही दरवर्षी सांगतोच. पण बेणे भरलेली पिकअपच चालू झाली नाही तर?

मागच्या हंगामात तावरजाकाठच्या एका सभासदांचा सकाळीच फोन आला. "साहेब, को ८६०३२ चं बेणं काल तोडून भरलंय आन् गाडी नुसती टक् करून गप बसतीया. काल दिवसभर चांगली चालली की!" गेलो. गडी-बाया बांधावर बसून, रोज चालू. मामांनी पंधरवड्यापूर्वीच नवी बॅटरी घातली होती, सेल्फही खोलून बांधला होता. पैसा गेला, रोग तसाच.

असला लपंडावाचा बिघाड गाडी अडलेली असतानाच सापडतो. चालू गाडी मिस्त्रीकडे नेली तर तो अंदाजाने सामान बदलणार. त्याचा तरी काय दोष? म्हणून गाडी अडली की लगेच धक्का मारू नका. आधी नीट ऐका.

सेल्फ इंजिनाला जोरात फिरवतो पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी बहुधा डिझेलकडे बघावे लागते. टाकी तळाला गेली होती काय, फिल्टरमध्ये पाणी आहे काय, नळीच्या जोडातून हवा धरते काय. नव्या कॉमनरेल इंजिनाच्या जाड दाबाच्या नळ्या मात्र घरी ढिल्या करू नका. तो दाब कातडी फोडून डिझेल आत घालतो.

सेल्फ फिरतच नसेल तर हेडलाईट लावा आणि एकाला चावी मारायला सांगा. दिवे लख्ख राहिले आणि आवाजही नाही, तर चावीचा स्विच किंवा सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर तपासा. दिवे लख्ख, पण टक् वाजते, तर सोलेनॉइड, सेल्फचे कार्बन किंवा इंजिनाची अर्थची पट्टी. दिवे विझू लागले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या वायरचा जोड खराब आहे.

या दोहोंतला फरक मीटरने कळतो. मीटरची टोके वायरच्या क्लिपला न लावता बॅटरीच्या शिशाच्या खुंटांनाच लावा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. चावी मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर दोष बॅटरीचा. मामांच्या गाडीचे दिवे विझत होते, पण खुंटांवर १२ च्या वर व्होल्ट होते. म्हणजे बॅटरी ठणठणीत. वीज वाटेत अडत होती.

मामा म्हणाले, "मग दिवे कसे लागत्यात?" ठिबकची मेन लाइन आठवा. आत कचरा असला तरी व्हॉल्व्ह बंद असताना घड्याळात प्रेशर पूर्ण दिसते. व्हॉल्व्ह उघडला की पडते. दोन हेडलाईटना १० अँपिअरच्या आसपास पुरतात, डिझेल गाडीचा सेल्फ २००-३०० ओढतो. गंजलेला जोड दिव्यापुरती वीज सोडतो, सेल्फपुरती नाही. गाडी हादरली, तापली, निवली की तोच जोड कधी धरतो, कधी सोडतो.

बॅटरीच्या वजा बाजूची वायर चासीला जिथे बोल्टने बसते, तिथे चिखल आणि गंज निघाला. आधी वजा वायर काढली, जागा काचकागदाने लोखंड चमकेपर्यंत घासली, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावले. वजा वायर परत बसवताना शेवटी. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर खाण्याच्या सोड्याचे पाणी ओतून धुवावे, पण ते बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

पाना टेकवून सेल्फ फिरवण्याची खोड काहींना आहे. गाडी गिअरमध्ये असली तर अंगावर येते. हे आमच्या चिटबॉयलाही बजावले आहे.

बेणे दुपारी बाराच्या आत सरीत पडले. जुनी बॅटरी मामांनी ट्रॅक्टरला लावली होती. ती अजून चालते आहे.