तांबड्या दिव्याचे फेशियल आणि रानातले ऊन

लग्नसराई आली की आपल्याकडील मुली बेळगावला जाऊन तांबड्या दिव्याखाली फेशियल करून येतात. त्याला आम्ही नावे ठेवीत नाही. या दिव्यात उन्हातले अतिनील किरण नसतात, म्हणून त्याने कातडी उन्हासारखी करपत नाही. चेहरा हळवा होतो तो दिव्याआधी केलेल्या घासण्याने. वरचा पापुद्रा निघालेला असतो. आणि दुसऱ्याच दिवशी तीच मुलगी मिरचीच्या रानात उभी!

दोन-तीन दिवस तिचे रानकाम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. पुष्कळ घरांत ते जमत नाही, हे आम्ही जाणतो. मग निदान ११ ते ४ चे ऊन टाळावे, तोंडाभोवती सुती कापड घ्यावे आणि ३० एसपीएफचे सनस्क्रीन दर २ तासांनी लावावे. काँग्रेस गवत उपटणे व फवारणी मात्र मुळीच नको. त्या गवताने अंगावर खाजरे चट्टे उठतात, आणि एकदा बाधले की पुन्हा पुन्हा बाधते.

तोंड साध्या पाण्याने धुवून हलक्या हाताने टिपावे, वर थोडे व्हॅसलिन लावावे. लिंबू चोळू नये. त्याचा रस अंगावर असताना ऊन लागले तर काळे डाग पडतात, ते महिनोन्‌महिने राहतात.

सर्वांत वाईट म्हणजे दुकानातून मागून आणलेली बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोलची ट्यूब. आठवडाभर चेहरा उजळ दिसतो, पुढे कातडी पातळ होऊन लाल पडते. अशी ट्यूब चालू असेल तर ती घेऊन थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे.