इंटरनेट अचानक खंडित झाल्यास शोध कसा घ्यावा?

ग्रामपंचायतीचे कार्यालय असो, शाळा असो की शिक्षकाचे घर असो, संगणक आणि त्यास मिळणारी इंटरनेटची जोडणी हे आज दैनंदिन कामकाजाचे अविभाज्य अंग बनले आहे. सात-बारा उतारा, उत्पन्नाचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, शाळेची यू-डायस प्लसवरील माहिती, पीक विम्याचा अर्ज ही सर्व कामे आता या जोडणीवर अवलंबून आहेत. साहजिकच ती अचानक तुटली की काम थांबते आणि दाराशी आलेल्या माणसाला ‘आज नेट नाही, उद्या या’ असे सांगण्याची पाळी येते. शिरपूर किंवा यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरून काम बुडवून आलेल्या मजुराच्या दृष्टीने या शब्दांची किंमत एक दिवसाची मजुरी असते. अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत असेल, तर नुकसान याहूनही मोठे असते.

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. हीच योजना पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे ग्रामपंचायतींचे संगणकीकरण हाती घेण्यात आले आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ ही व्यवस्था आली. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. तेव्हा जोडणी का तुटली याचा शोध घेणे हे केवळ तंत्रज्ञाचे काम राहिलेले नाही. संगणकासमोर बसणाऱ्या प्रत्येकास त्याची प्राथमिक माहिती असणे अगत्याचे आहे. सुदैवाने यांपैकी पुष्कळशा अडचणी किरकोळ असतात व त्या जागच्या जागी दूर करता येतात. मात्र शोध क्रमाने घेतला पाहिजे.

पाटाच्या पाण्याचा दाखला

हा क्रम समजण्यासाठी खानदेशातील वाचकांना दूर जावयास नको. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या खोऱ्यात फड पद्धतीचे सिंचन कित्येक पिढ्यांपासून चालत आले आहे. बंधाऱ्यातून मुख्य पाट निघतो, पाटातून चाऱ्या फुटतात आणि चारीचे पाणी दारे उघडून शेतात घेतले जाते. शेवटच्या शेतात पाणी पोहोचले नाही तर अनुभवी पाटकरी एकदम बंधाऱ्याकडे धाव घेत नाही. तो शेताच्या दाऱ्यापासून उलट चालत जातो आणि पाणी कुठवर आले आहे हे पाहतो. जेथे पाणी दिसते आणि जेथे दिसत नाही, त्या दोहोंच्या मधे दोष असतो. जळगावचा केळी बागायतदार ठिबकच्या नळ्या तपासताना याच रीतीने ड्रीपरपासून गाळणी व पंपापर्यंत जातो.

इंटरनेटचेही असेच आहे. आपला संगणक हे शेत. मोडेम अथवा राऊटर हे दारे. गावात आलेली फायबर ही चारी. सेवा पुरविणाऱ्या कंपनीचे जाळे हा मुख्य पाट. आणि ज्या संकेतस्थळावरून माहिती यावयाची ते बंधारा. यांपैकी कोणत्या टप्प्यापर्यंत जोडणी शाबूत आहे हे ठरविणे, हेच शोधाचे सारे मर्म होय. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्यास दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

पहिले तीन प्रश्न

कोणतीही तार उपटण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. पहिला प्रश्न : एकच संकेतस्थळ उघडत नाही की कोणतेच उघडत नाही? शासकीय पोर्टलवर मुदतीच्या शेवटच्या दिवशी गर्दी होऊन ते अडखळते. अशा वेळी दुसरे एखादे संकेतस्थळ सहज उघडत असेल, तर आपली जोडणी निर्दोष असून अडचण बंधाऱ्यावर आहे, असे समजावे.

दुसरा प्रश्न : याच संगणकावर अडचण आहे की त्याच राऊटरवरील मोबाईल व इतर संगणकांवरही आहे? मोबाईलवर ही परीक्षा घेताना त्याचा स्वतःचा मोबाईल डेटा आधी बंद करावा, अन्यथा मोबाईल आपल्या कंपनीच्या डेटावर चालतो आणि राऊटर ठीक असल्याचा खोटा निर्वाळा मिळतो.

तिसरा प्रश्न : योजनेची मुदत संपली आहे काय? महिन्याचे वा वर्षाचे शुल्क भरावयाचे राहून गेल्यास सर्व यंत्रे सुस्थितीत असूनही जोडणी बंद होते.

मोडेमवरील दिवे

मोडेमवरील छोटे दिवे हे शोधाचे उत्तम साधन आहे. बनावटीनुसार त्यांत थोडा फरक असतो. तथापि फायबरच्या मोडेमवर सामान्यतः पॉवर, पॉन, लॉस आणि लॅन अशी नावे आढळतात. पॉवरचा दिवा नसेल तर प्लग, बटण व अडॅप्टर पाहावा. पॉनचा दिवा स्थिर हिरवा असेल तर मोडेमचा कंपनीच्या केंद्राशी संबंध जुळलेला आहे. लॉसचा तांबडा दिवा लागला असेल तर फायबरमधून येणारा प्रकाश मोडेमपर्यंत पोहोचत नाही. याचा अर्थ चारीच फुटली आहे. संगणकात कितीही खटपट केली तरी उपयोग होणार नाही.

अशा वेळी भिंतीलगतची पिवळी अथवा काळी बारीक केबल कोठे मुडपली आहे काय, कपाटाखाली दबली आहे काय, उंदराने कुरतडली आहे काय, एवढेच पाहावे. ही काचेची तार आहे. तिला तीव्र बाक दिल्यास प्रकाश आत अडतो. तिचे टोक काढून डोळ्यासमोर धरू नये. त्यातील लेसर किरण डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु अपाय करू शकतात. दृश्य दोष नसल्यास सरळ तक्रार नोंदवावी.

बंद करून पुन्हा सुरू करणे

दिवे ठीक असूनही जोडणी नसेल तर मोडेमचा वीजपुरवठा बंद करावा, सुमारे एक मिनिट थांबावे व पुन्हा सुरू करावा. सर्व दिवे स्थिर होण्यास दोन ते पाच मिनिटे लागतात. तेवढा धीर धरावा. त्यानंतर संगणकही पुन्हा सुरू करावा. मोडेमच्या मागील बारीक छिद्रातील ‘रीसेट’चे बटण मात्र टाचणीने दाबू नये. त्यामुळे कंपनीने भरलेली जोडणीची माहिती पुसली जाते आणि किरकोळ दोषाचे मोठ्या दोषात रूपांतर होते.

संगणकाची तपासणी

इतर यंत्रांवर इंटरनेट चालते, पण एका संगणकावर नाही, असे आढळल्यास लॅन केबल दोन्ही टोकांस काढून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवावी. वाय-फाय असल्यास ‘एअरप्लेन मोड’ चुकून सुरू झाला आहे काय, हे पाहावे.

यानंतर एका दुर्लक्षित कारणाकडे लक्ष द्यावे. ते म्हणजे संगणकाचा दिनांक. जुन्या संगणकातील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली की वीज गेल्यावर त्याचे घड्याळ मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळ उघडताना ब्राउझर त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संगणकाच्या दिनांकाशी ताडून पाहतो. दिनांक जुळला नाही की ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येतो आणि इंटरनेटच बंद पडल्याचा समज होतो. दिनांक व वेळ दुरुस्त करताच काम सुरू होते. ही बॅटरी अल्प किमतीत बदलून मिळते.

तीन हाका

एवढ्याने उलगडा न झाल्यास विंडोज संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी. संगणकाचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर राऊटरकडून पत्ता न मिळाल्याने संगणकाने तो स्वतःच धारण केला आहे. म्हणजे दोष संगणक व राऊटर यांच्या दरम्यान आहे. पत्ता ठीक असल्यास त्याच ठिकाणी ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून राऊटरचा पत्ता दिसतो. तो पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा असतो.

आता ‘पिंग’ या आज्ञेने तीन हाका माराव्यात. अमेरिकन अभियंता माईक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अशाच एका जाळ्यातील बिघाड शोधण्यासाठी ही आज्ञा तयार केली. पाणबुडीचा शोध घेताना सोडलेल्या ध्वनिलहरीच्या आवाजावरून तिला हे नाव पडले. पहिली हाक राऊटरच्या पत्त्यास द्यावी. उत्तर आले तर दाऱ्यापर्यंत वाट मोकळी आहे. दुसरी हाक ८.८.८.८ या बाहेरील पत्त्यास द्यावी. पहिलीस उत्तर आले व दुसरीस आले नाही, तर दोष मोडेमच्या पलीकडील मार्गावर असण्याचा संभव अधिक. तिसरी हाक एखाद्या संकेतस्थळाच्या नावास द्यावी. अंकांच्या पत्त्यास उत्तर मिळते, पण नावच सापडत नाही असे आढळले, तर ‘डीएनएस’ म्हणजे नावांवरून अंकांचे पत्ते सांगणारी व्यवस्था अडली आहे, असे समजावे. दूरध्वनी चालू आहे, पण क्रमांकांची डिरेक्टरी हरवली आहे, अशी ही स्थिती होय. त्यावर ‘आयपीकॉन्फिग’नंतर एक जागा सोडून तिरकी रेघ व ‘फ्लश-डीएनएस’ हा शब्द सलग लिहून आज्ञा दिल्यास जुने साठलेले पत्ते पुसले जातात. कार्यालयीन संगणकाच्या इतर मांडणीत बदल करण्यापूर्वी तालुका वा जिल्हा स्तरावरील तांत्रिक कर्मचाऱ्यास विचारणे इष्ट.

खानदेशातील विशेष कारणे

जळगाव, भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही पुढे जातो. घरगुती वापराचे बरेचसे मोडेम साधारणतः ४० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत चालण्यासाठी बनविलेले असतात. पत्र्याच्या छपराखाली, उन्हाच्या भिंतीवर किंवा शोभेच्या कापडाखाली ठेवलेला मोडेम दुपारी बंद पडतो आणि सायंकाळी आपोआप चालू लागतो, तो यामुळेच. बिघाडाची वेळ नोंदवून ठेवल्यास हे कारण चटकन ध्यानी येते. मोडेम सावलीत, मोकळ्या हवेत व धुळीपासून दूर ठेवावा. वळवाच्या पावसात विजा चमकू लागताच त्याचा प्लग काढावा. भारनियमनाच्या गावी मोडेमलाही बॅटरीचा आधार द्यावा. केवळ संगणक इन्व्हर्टरवर असून भागत नाही.

दुसरे कारण खोदकामाचे. रस्ता रुंदीकरण, नळयोजना, गटारे यांची कामे जेसीबीने होतात व जमिनीखालील फायबर तुटते. फायबर एका सरळ रेषेत गावोगाव गेली असेल, तर एका ठिकाणच्या घावाने पुढील सर्व गावांची जोडणी जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात कड्यासारख्या रचनेवर भर आहे, तो यासाठीच. एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाट राहते. खोदकामापूर्वी केबलच्या मालकास पूर्वसूचना देता यावी म्हणून २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू करण्यात आले. ग्रामपंचायतीने ठेकेदारास कार्यारंभ आदेश देताना या सूचनेची अट घातल्यास आपल्याच गावाची जोडणी आपल्याच कामामुळे तुटण्याचा प्रसंग टळेल.

तक्रार व पर्यायी व्यवस्था

‘नेट बंद आहे’ एवढीच तक्रार तंत्रज्ञास पुरेशी नसते. जोडणी कधी तुटली, कोणता दिवा कसा आहे, कोणत्या हाकेस उत्तर आले व कोणत्या नाही, हे सांगितल्यास तो योग्य साधने घेऊन येतो व एक फेरी वाचते. तक्रार क्रमांक, दिनांक व वेळ यांची एक वही कार्यालयात ठेवावी. तक्रारीचा क्रमांक जोडणीच्या मूळ कागदपत्रांवरूनच घ्यावा. अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारे ॲप घेऊ नये किंवा ओटीपी सांगू नये. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

दुरुस्ती होईपर्यंत सेवा थांबू नये, याचीही तजवीज असावी. तातडीच्या अर्जासाठी मोबाईलच्या हॉटस्पॉटचा उपयोग होतो. तोही शक्य नसल्यास कागदावर अर्ज स्वीकारून दिनांकासह पोच द्यावी आणि जोडणी येताच तो क्रमाने भरावा. मुदतीची कामे शेवटच्या दिवसापर्यंत ठेवू नयेत, हे शाळा व ग्रामपंचायत या दोहोंनी कटाक्षाने पाळावे.

गावातील एक शिक्षक, एक ग्रामपंचायत कर्मचारी आणि केंद्र चालविणारा तरुण अशा तिघांनी जरी ही तपासणी एकदा प्रत्यक्ष करून पाहिली व तिचे टप्पे मोडेमशेजारी कागदावर लिहून लावले, तरी पुष्कळसे बिघाड अर्ध्या तासात सुटतील आणि उरलेल्यांची तक्रार नेमकी जाईल. लांबून आलेल्या माणसास कारण न सांगता परत पाठविण्याची वेळ त्यामुळे क्वचितच येईल, यात शंका नाही.