अ‍ॅपवरील तास आणि देहातील साखर

प्रश्न : सोळा तासांचा उपवास मी मोबाइलच्या अ‍ॅपवर नोंदवते. शेवटी 'पेशींची स्वच्छता सुरू' असे त्यावर उमटते. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड चालू आहे. या नोंदींवर विसंबावे का?

उत्तर : भगिनी, ज्या पेशीस्वच्छतेची, म्हणजे ऑटोफॅजीची, यंत्रणा यीस्टमध्ये उलगडून दाखविल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ती आपल्या देहात अमुक तासाला सुरू झाली हे जाणण्याचे कोणतेही साधन त्या अ‍ॅपजवळ नाही, ते केवळ घड्याळ पाहते.

आहाराच्या नोंदीचेही तसेच. 'एक वाटी साबुदाण्याची खिचडी' या नोंदीत तूप किती आणि दाण्याचे कूट किती, हे आपल्या कढईलाच ठाऊक. यास्तव उष्मांकांचा काटेकोर हिशेब मांडण्यापेक्षा प्रथिनांचा दैनंदिन जमाखर्च पाहावा, आणि तो ६० किलो वजनास सुमारे ५० ग्रॅम असावा, कारण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टच असतो.

परंतु माझी खरी चिंता आहे ती आपल्या गोळीविषयी. पोटात अन्न असो वा नसो, ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्शुलिन वसूल करीतच राहते, आणि म्हणून दीर्घ उपवासात रक्तशर्करा घातक पातळीपर्यंत उतरू शकते. कंप, घाम वा भोवळ जाणवल्यास, किंवा साखर ७०च्या खाली गेल्यास, तास अपुरे राहिले तरी तत्काळ साखरपाणी घ्यावे. आपल्या डॉक्टरांकडून मात्रेचा फेरविचार होईपर्यंत हा उपवास तहकूब ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.