ग्लोबल स्टडीज घेतेस? मग आधी फाट्यावर ये

बारावीनंतर ग्लोबल स्टडीज घेणार म्हणालीस आणि घरातले सगळे गप्प झाले ना? काकांनी नोकरीचं विचारलं असेल, आत्याने बी.एड. सुचवलं असेल. रागावू नकोस गं, काळजीपोटीच बोलतात. पण त्यांना द्यायला तुझ्याकडे उत्तर हवं. आणि ते ‘मला परदेशात जायचंय’ एवढंच असेल, तर हा विषय घेऊच नकोस. परदेशी जायला याहून सरळ वाटा आहेत.

खरं कारण आपल्या पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरच आहे. पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याचा महामार्ग जिथे फुटतात, तिथे उभी राहा. न्हावा-शेवा बंदराच्या ट्रेलरवरचा कंटेनर नीट बघ. त्यावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. पहिली तीन अक्षरं मालकाची खूण, आणि शेवटचा आकडा आधीचा नंबर बरोबर आहे का ते पडताळायचा. जगातल्या कुठल्याही बंदरात हाच नियम. हा नियम कोणी ठरवला, इतक्या देशांनी तो मानला कसा, असं तुला विचारावंसं वाटलं, तर विषय तुझा.

दुसरं उदाहरण बघ. 2023च्या शेवटी येमेनच्या हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला लागली. नाशिकची युरोपला जाणारी द्राक्षं कितीतरी दिवस जास्त समुद्रात राहिली, भाडं वाढलं. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती उठली मे 2024मध्ये. एक निर्णय दिल्लीचा, एक लढाई येमेनची, आणि दोन्हींचा फटका नाशिककडच्या निफाडच्या शेतकऱ्याला. हे धागे उलगडायला एकटं अर्थशास्त्र पुरत नाही. इतिहास, कायदा, राजकारण सगळंच लागतं.

आणखी एक, माझ्या फार मनातलं. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणकडचे शेतकरी उभे राहिले. गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली ती त्या लढ्यामुळे. न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झालं. जागतिक व्यापाराच्या पुस्तकांत बंदर असतं, जमीन दिलेली माणसं क्वचितच असतात. ती लिहायला इथलीच मुलगी हवी.

आता नोकरीचं. नुसत्या बी.ए.वर भागणार नाही, हे आजच ऐकून ठेव. एक परदेशी भाषा शीक, आणि संख्याशास्त्र टाळू नकोस. मग मालवाहतूक कंपन्या, संशोधन संस्था, वृत्तपत्रं, परराष्ट्र सेवेची परीक्षा, बऱ्याच वाटा खुल्या होतात. खाजगी विद्यापीठांची फी लाखांत असते. त्यासाठी बाबांना कर्ज काढायला लावू नकोस. पनवेललाच राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन बी.ए. कर आणि एम.ए.ला पुढे जा. दिल्लीच्या जेएनयूचं आंतरराष्ट्रीय अभ्यास संकुल आहे, मुंबई विद्यापीठाचं आफ्रिका अभ्यास केंद्र आहे.

अर्ज भरण्याआधी प्रत्येक ठिकाणचा अभ्यासक्रम उघडून वाच. अर्थशास्त्राचे आणि संशोधन पद्धतीचे पेपर नसतील, तर ते ठिकाण सोड. उरलेली यादी मला पाठव. आपण दोघी काकांसमोर बसून बोलू.