नवख्यांची पहिली गुहा

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही मित्र शिलाँगला जातोय. मला गुहांचा थोडा सराव आहे, बाकीचे नवखे. शनिवार-रविवारी त्यांना कुठे नेऊ?

उत्तर : शनिवारी सोहराजवळची मॉस्माई गुहा पाहा. चुनखडीची ही गुहा छोटी आहे, आत दिवे आहेत. अरुंद वाटेत कोण घाबरतं, ते तिथेच कळेल. त्याला पुढे आग्रह नको. बाकीच्यांनी रविवारी सुमारे ७ किलोमीटर लांबीच्या मॉम्लूह गुहेत स्थानिक वाटाड्यासोबत थोडंच आत जावं. प्रत्येकाकडे हेल्मेट, हेडलॅम्प आणि आणखी दोन दिवे हवेत. परतायची वेळ बाहेर कुणाला तरी सांगून ठेवा. लवणस्तंभांना हात लावू नका, वटवाघळांवर उजेड टाकू नका. पाऊस आला, तर मॉम्लूहचा बेत निःसंकोच रद्द करा.