आरोग्य शंका-समाधान : जेवायला कुणासाठी थांबायचं?

प्रश्न : आमचं सात माणसांचं घर. यजमान रांजणगाव एमआयडीसीत, दर आठवड्याला पाळी बदलते. थ्री फेज लाईट रात्रीची असली की मामंजी आणि धाकटे दीर कांद्याला पाणी द्यायला रानात जातात. बिबट्याच्या भीतीनं एकट्याला कुणी जाऊ देत नाही. सासूबाईंना साखरेची गोळी आहे, पण सगळे आल्याशिवाय त्या जेवत नाहीत. परवा रात्री त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. हे वयामुळं का?
— एक सूनबाई, तळेगाव ढमढेरे

उत्तर : ताई, बहुधा त्यांची साखर उतरली होती. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पोट रिकामं असलं तरी शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. गोळी वेळेवर घेतली आणि जेवण दुसरी पाळी सुटल्यावर झालं, तर असं होऊ शकतं.

पुन्हा घाम, थरथर, घाबरल्यासारखं झालं तर पाण्यात तीन चमचे साखर घालून लगेच द्या. मशीन असेल तर साखर मोजा; 70च्या खाली म्हणजे कमी. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, मग जेवायला वाढा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108ला फोन करा. गोळी मनानं बंद करू नका. पाकीट घेऊन डॉक्टरांना भेटा आणि घडलेलं सगळं सांगा.

सासूबाईंचं ताट गोळीच्या वेळेला वाढलं पाहिजे. हे तुम्ही सांगितलंत तर त्यांना उद्धटपणा वाटेल. यजमानांनीच म्हणावं, “आई, तू जेवलीस हे कळलं की मला कामावर घोर राहत नाही.” एकत्र पंगत सुट्टीच्या दिवशी दुपारी बसू द्या.

प्रश्न : रातपाळी करून सकाळी येतो. मिक्सर, टीव्ही, पोरांची शाळेची घाई. चार तासही झोप होत नाही. वडील म्हणतात, दिवसा झोपणं बरं नव्हे.
— एक कामगार, शिक्रापूर

उत्तर : मोठ्या माणसाला सात तास झोप लागतेच, ती दिवसा घेतली तरी चालेल. मात्र उजेड मेंदूला जागं करतो, म्हणून आतली खोली निवडा आणि खिडकीला जाड चादर लावा. पहाटेचा चहा टाळा. वाटण-दळण तुम्ही झोपण्याआधी उरकायला घरी सांगा. सलग झोप जमत नसेल तर सकाळी पाच तास आणि कामावर जाण्याआधी दोन तास घ्या. डोळे मिटत असतील तर नगर रोडवर गाडी काढू नका. वीस मिनिटं डुलकी घेऊन मग निघा. वडील शेतीला पाणी द्यायला जात असतील तर त्यांना आठवण करून द्या, रात्रभर दारं धरून आल्यावर तेही सकाळी आडवे होतातच.

प्रश्न : मला मधुमेह आहे. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काही खात नाही. चालेल का?
— एक आजी, तळेगाव ढमढेरे

उत्तर : आजी, गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहू नका. संकष्टीच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळीचं प्रमाण ठरवून घ्या. साबुदाणा साखर झपाट्यानं वाढवतो. त्यापेक्षा ताक, थोडे शेंगदाणे घ्या. घाम किंवा थरथर जाणवली तर चंद्राची वाट न पाहता साखर तोंडात टाका. गणपती रागावणार नाही, आणि घरच्यांना तुम्ही हव्या आहात.