ओव्हनमधील कोळंबी

ज्या दिवशीं आमच्या घरीं प्रथम विजेचा ओव्हन आला, त्या दिवसाची फजिती सांगून या लेखास आरंभ करतों. आईनें सकाळीं बाजारांत जाऊन, कोळणीशीं घासाघीस करून अर्धा किलो मोठी कोळंबी आणली होती. महिनाअखेर असल्यामुळें ती खरेदी आमच्या ऐपतीच्या मानानें जडच होती. नव्या यंत्राच्या अभिमानानें फुगून मीं जाहीर केलें कीं, आज कोळंबी मी भाजणार. केकला जर अर्धा तास लागतो, तर कोळंबीला वीस मिनिटें तरी हवींतच, असा माझा हिशेब! वीस मिनिटांनीं थाळा बाहेर काढला, तों त्यांत वाटोळ्या आखडलेल्या, रबरासारख्या चिवट गोळ्या पडल्या होत्या. आई कांहीं बोलली नाहीं. आपल्या ताटांतली कोळंबी तिनें शेवटपर्यंत चावून खाल्ली. तिच्या त्या मौनानें मला जेवढी लाज वाटली, तेवढी रागाच्या शब्दांनीं वाटली नसती. माझें कोठें चुकलें याचा मीं पुढें शोध घेतला. त्याचें सार येथें देत आहें.

प्रथम उष्णतेचा विचार करूं. उकळत्या पाण्याचें तपमान १०० अंश सेल्सिअस असतें, आणि त्यांत सोललेली कोळंबी दोन-तीन मिनिटांत शिजते. ओव्हनमधील हवा २०० अंशांवर असते, तरी तेथें तिला सहा ते आठ मिनिटें लागतात. हें कसें? तापलेल्या ओव्हनमध्यें कोठेंही स्पर्श न करतां क्षणभर हात घातला तर तो भाजत नाहीं. परंतु उकळत्या पाण्यांत बोट बुडालें तर तत्काळ फोड येतो. (हा अनुभव मनांतच घ्यावा, करून पाहूं नये.) हवा विरळ आहे, पाणी दाट आहे, म्हणून तेवढ्याच जागेंतील हवा पाण्याच्या मानानें फारच थोडी उष्णता पोंचवूं शकते. ओव्हनमध्यें उष्णता तीन वाटांनीं येते : तापलेल्या थाळ्यांतून वहनानें, फिरत्या हवेंतून अभिसरणानें, आणि लाल झालेल्या तारांपासून प्रारणानें.

यंत्र नवें असलें तरी ही युक्ति आपल्याकडे नवी नाहीं. भांड्याच्या खालीं निखारे आणि झांकणावरही निखारे ठेवून भाजण्याची रीत आपल्या आज्यांना ठाऊक होती. गोव्यांतील बेबिंकेचे थर असेच वरून दिलेल्या उष्णतेनें एकावर एक भाजले जातात.

आतां कोळंबीच्या निवडीकडे वळूं. ताज्या कोळंबीला समुद्राच्या पाण्यासारखा सौम्य वास येतो, तिचें कवच चकचकीत असून अंगाशीं घट्ट असतें, आणि मांस दाबलें असतां टणक लागतें. नाकाला झोंबणारा, नवसागराची आठवण करून देणारा वास आला, तर ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. मसाल्यानें वास झांकला जातो, दोष जात नाहीं. बर्फांत गोठवलेली कोळंबी आदल्या रात्रीं फ्रीजच्या खालच्या कप्प्यांत ठेवून वितळूं द्यावी. ओट्यावर तासन्‌तास ठेवूं नये. उबेमध्यें जंतूंची वाढ फार झपाट्यानें होते. सोलल्यावर पाठीवर उभी चीर देऊन काळा दोरा काढावा. तो दोरा म्हणजे तिचें आंतडें होय, आणि त्यांत पुष्कळदां वाळूची कचकच असते.

कृति अशी आहे. ओव्हन २०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटें आधींच तापत ठेवावा. अर्धा किलो सोललेली कोळंबी धुवून स्वच्छ फडक्यानें कोरडी टिपून घ्यावी. ही पायरी कोणी गाळूं नये. अंगावर पाणी राहिलें, तर त्याची वाफ करण्यांतच उष्णता खर्च होते आणि कोळंबी भाजण्याऐवजीं वाफवली जाते. भाजल्याचा खमंगपणा कोरड्या पृष्ठभागावरच येतो. प्रथिनें व शर्करा यांच्यांतील ज्या क्रियेनें तो येतो, तिचें वर्णन माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं केलें. नंतर दोन चमचे तेल, ठेचलेला लसूण, पाव चमचा हळद, एक चमचा तिखट व अर्धा चमचा मीठ चोळून, थाळ्यांत एकेरी थर लावावा. एकावर एक रचल्यास पुन्हां वाफेचाच प्रकार होतो. मध्यम कोळंबीस सहा ते आठ मिनिटें व मोठीस आठ ते दहा मिनिटें पुरतात. लिंबू मात्र शेवटीं पिळावें. आम्लानेंही प्रथिनें गोठतात. आधींच फार वेळ रस लावून ठेवला, तर मांस विस्तवावर जाण्यापूर्वींच घट्ट होऊं लागतें.

आंत नेमकें काय घडतें? करड्या-निळसर कोळंबीचा लाल रंग होतो, हें सर्वांनीं पाहिलें आहे. हा लाल रंग उष्णतेनें नव्यानें उत्पन्न होत नाहीं. तो आधींपासूनच तेथें असतो. कवचांत व त्याखालच्या पातळ त्वचेंत अ‍ॅस्टाझँथिन नांवाचें तांबूस रंगद्रव्य एका प्रथिनाशीं जखडलेलें असतें, आणि त्या बंधनामुळें निळसर दिसतें. उष्णतेनें प्रथिनाची घडी मोडली कीं रंगद्रव्य मोकळें होऊन आपला खरा रंग दाखवितें. या रंगद्रव्याची रासायनिक रचना रिचर्ड कून व सोरेनसेन यांनीं १९३८ सालीं शेवंडाच्या अभ्यासांतून ठरविली. परंतु हा बदल बाहेरून आंत होत जातो. म्हणून वरून लाल झाली एवढ्यावरून ती आंतून शिजली असें समजूं नये. सर्वांत जाड भाग कापून पाहावा. कांचेसारखी पारदर्शक छटा जाऊन मांस दुधासारखें पांढरें झालें म्हणजे ती शिजली. टोंचण्याचा तापमापक असल्यास मध्यभागीं ६३ अंश दाखवावयास हवेत.

माझी चूक येथेंच होती. मटण जितकें मंद शिजवावें तितकें मऊ होतें, कारण त्यांतील चिवट संयोजक धागे हळूहळू विरघळून मऊ होतात. कोळंबींत असे धागे फारच थोडे. तिच्या स्नायूंतील मायोसिन हें प्रथिन आधीं गोठतें, आणि तेवढ्यानें मांस रसाळ व लवचिक होतें. त्यापुढें उष्णता देत राहिल्यास अ‍ॅक्टिन हें दुसरें प्रथिनही बदलतें, तंतू आक्रसतात व रस पिळून बाहेर पडतो. मग अधिक शिजवून ती मऊ होत नाहीं. अधिकच चिवट होते. अर्धचंद्राप्रमाणें वांकली कीं ती बहुधा तयार झाली असें समजावें. टोकें मिळून पूर्ण वाटोळी झाली कीं वेळ टळली. थाळा बाहेर काढल्यावरही तापलेला धातु शिजविण्याचें काम चालूच ठेवतो, म्हणून कोळंबी लगेच दुसऱ्या ताटांत काढावी.

पालकांसाठीं एक सूचना. कांहीं माणसांना कोळंबी मुळींच सोसत नाहीं. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, प्रसंगीं श्वासही कोंडतो. असा त्रास घडविणारें ट्रोपोमायोसिन हें प्रथिन उष्णतेनें नष्ट होत नाहीं, म्हणून 'चांगली भाजली आहे, थोडी खाऊन पाहा' असा आग्रह अशा पाहुण्यास कधींही करूं नये. श्वास लागल्यास क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालय गांठावें.

मुलांनीं वडील माणसांच्या देखत एक प्रयोग करावा. मोठ्या आकाराच्या तीन सारख्या कोळंब्या एकाच थाळ्यांत ठेवून एक नऊ, दुसरी बारा व तिसरी वीस मिनिटांनीं काढावी. प्रत्येकीचा आकार कागदावर रेखाटावा, मधोमध कापून रंग लिहावा, आणि मग चावून पाहावी. या तीन घांसांत सबंध पाठ सांपडेल, आणि उरलेली कोळंबी वांचेल.

पुढच्या महिन्यांत मीं पुन्हां अर्धा किलो कोळंबी आणली, ती या वेळीं माझ्या पैशांनीं. घड्याळ समोर ठेवलें, पण डोळे थाळ्यावरून हलूं दिले नाहींत. आठव्या मिनिटास ती बाहेर काढली. आईनें एक तोंडांत घातली. ती याही वेळीं कांहीं बोलली नाहीं. मात्र दुसरीसाठीं तिनें हात पुढें केला.